केवल वाक्य, संयुक्त वाक्य आणि गाइडांचें व्याकरण

इंग्रजी वाक्यांचे सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स हे तीन प्रकार कसे ओळखावे, हा विषय मासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका पुष्कळांस येईल. हें शाळामास्तरांचें काम. तें त्यांनीं वर्गांत उरकावें आणि सुज्ञांनीं काव्यशास्त्रविनोदांत रमावें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या विषयापायीं घरोघर संध्याकाळीं मुलांची नि आईबापांची हुज्जत होते, आणि ज्यांत बरोबर उत्तर लिहिणारा मुलगा चुकतो व चुकीचें उत्तर पाठ करणारा शहाणा ठरतो, तो विषय क्षुद्र म्हणून सोडून देणें आम्हांस परवडणारें नाहीं. महाराष्ट्रांत २००० सालापासून मराठी शाळांतूनहि इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविली जाते. तेव्हां हा प्रश्न आतां इंग्रजी शाळांत मुलें घालणाऱ्या थोड्या घरांपुरता राहिलेला नाहीं.

बाजारांत जीं गाइडें मिळतात त्यांतून, आणि शिकवणीच्या वर्गांतूनहि, ह्या बाबतींत एक सुटसुटीत मंत्र दिला जातो. वाक्यांत 'अँड', 'बट', 'ऑर' यांपैकीं कांहीं दिसलें कीं तें कंपाउंड. 'बिकॉज', 'व्हेन', 'इफ' दिसलें कीं कॉम्प्लेक्स. यांतलें कांहींच दिसलें नाहीं कीं सिंपल. मंत्र सोपा आहे खरा, पण त्याचा गुण तेवढाच. पागोटें पाहून पंडित ओळखावा, त्यांतलाच हा प्रकार. पागोटें पंडिताच्या डोक्यावर असतें तसें बहुरूप्याच्याहि डोक्यावर असतें; आणि कित्येक पंडित बोडक्यानेंच हिंडतात.

आमच्या शेजारची एक मुलगी आठवींत शिकते. सहामाही परीक्षेंत तिला 'गोपाळ अँड हिज ब्रदर लिव्ह इन नाशिक' ह्या वाक्याचा प्रकार विचारला होता. तिनें सिंपल असें लिहिलें, आणि त्यावर लाल फुली आली. वडिलांनीं शाळेंत जाऊन नम्रपणें चौकशी केली, तेव्हां त्यांस उत्तर मिळालें, "मध्यें अँड आहे ना? मग कंपाउंडच." बाईंनीं छापील उत्तरेंहि उघडून दाखविलीं. बाईंस आम्ही दोष देत नाहीं. पन्नास-साठ मुलांचे पेपर रात्रीं जागून तपासणाऱ्या माणसानें छापील उत्तराशीं भांडत बसावें, अशी अपेक्षा करणेंच गैर आहे. दोष आहे तो तें उत्तर छापणाराचा. मुलीनें पुढच्या परीक्षेंत तसल्याच एका वाक्याला निमूटपणें कंपाउंड म्हटलें आणि पुरे गुण मिळविले. म्हणजे पहिल्या खेपेस तिला व्याकरण येत होतें, आणि दुसऱ्या खेपेस परीक्षा द्यावयास आली!

आतां त्या वाक्याकडे डोळे उघडून पाहूं. त्यांत 'लिव्ह' हें एकच आख्यात आहे. ज्याला काळ असतो, ज्याला कर्त्याप्रमाणें रूप घ्यावें लागतें आणि ज्यावांचून विधान पुरें होत नाहीं, तें आख्यात. इंग्रजींत त्याला फायनाइट व्हर्ब म्हणतात. येथला 'अँड' दोन वाक्यांस जोडीत नसून दोन नामांस जोडतो, आणि त्या दोन नामांचा मिळून एकच कर्ता होतो. ह्याचा पुरावा क्रियापदाच्या शेपटींत सांपडतो. गोपाळ एकटा असता तर इंग्रज 'लिव्ह्ज' म्हणाला असता; भाऊ एकटा असता तरी 'लिव्ह्ज'च म्हणाला असता. दोघे मिळून एक अनेकवचनी कर्ता झाला, म्हणूनच तो 'लिव्ह' म्हणतो. हीं दोन स्वतंत्र वाक्यें एकमेकांस चिकटविलेलीं असतीं, तर हें अनेकवचन आलें कोठून, याचें उत्तर गाइडकारांनीं द्यावें.

त्यांचें उत्तर आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, वाक्य फोडून पाहा: गोपाळ नाशकांत राहतो; त्याचा भाऊ नाशकांत राहतो; झालीं कीं नाहीं दोन वाक्यें? ठीक आहे, फोडूं. पण मग 'गोपाळ अँड गोविंद आर ब्रदर्स' हेंहि फोडून दाखवा. गोपाळ भाऊ आहे. कोणाचा? गोविंद भाऊ आहे. कोणाचा? 'टू अँड टू मेक फोर' हें फोडाल, तर दोन म्हणजे चार होतात असें गणित पदरांत पडेल. आणि 'ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट' असें म्हणणारा इंग्रज तर दोन पदार्थ पुढें असूनहि एकवचनी 'इज' वापरतो, कारण त्याच्या ताटांत ते दोन मिळून एकच खाणें आहे. जी कसोटी एका वाक्याला लागू पडते आणि शेजारच्या वाक्यांत हास्यास्पद होते, ती कसोटीच नव्हे.

हें फोडण्याचें वेड तर्कशास्त्रांतून आलें आहे. फ्रान्समध्यें पोर्ट रॉयलच्या पंडितांनीं १६६० सालीं व्याकरण आणि १६६२ सालीं तर्कशास्त्र प्रसिद्ध केलें. अदृश्य ईश्वरानें दृश्य जग निर्माण केलें, अशा आशयाच्या एकाच वाक्यांत त्यांनीं तीन निर्णय दाखवून दिले: ईश्वर अदृश्य आहे, त्यानें जग निर्माण केलें, आणि तें जग दृश्य आहे. तर्काच्या दृष्टीनें हें यथार्थच आहे. पण तेवढ्यानें तें वाक्य संयुक्त होत नाहीं. त्यांत आख्यात एकच आहे. वाक्यांत विचार किती आहेत हें मोजणें निराळें आणि आख्यातें किती आहेत हें मोजणें निराळें. पहिलें काम नैयायिकाचें, दुसरें वैयाकरणाचें. गाइडकार हा दोहोंपैकीं कोणीच नसल्यामुळें त्यानें दोन्ही कामें एका टोपलींत घातलीं आहेत.

इंग्रजांच्या जुन्या व्याकरणकारांच्या मनांत ह्याविषयीं गोंधळ नव्हता. पुढें बिशप झालेल्या लौथनें १७६२ सालीं, आणि लिंडले मरे यानें १७९५ सालीं, जीं व्याकरणें लिहिलीं त्यांत केवल आणि संयुक्त असे दोनच भेद आहेत. आणि केवल वाक्याची खूण दोघांनींहि एक कर्ता आणि एक फायनाइट क्रियापद अशीच सांगितली आहे. मिश्र हा तिसरा भाऊ शाळापुस्तकांत रूढ झाला तो बराच मागाहून. जर्मनींत कार्ल बेकर नांवाच्या, मूळच्या वैद्यकी करणाऱ्या गृहस्थानें वाक्यपृथक्करणाची एक पद्धति बसविली, आणि तिच्या आधारानें जे. डी. मॉरेल यानें १८५२ सालीं इंग्रजी वाक्यांच्या पृथक्करणावर पुस्तक लिहिलें. हा मॉरेल शाळांचा इन्स्पेक्टर होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्याला एका दिवसांत शाळा तपासून पुढच्या गांवीं जावयाचें असतें, त्याला एका शब्दांत उत्तर देतां येईल असा प्रश्न फार प्रिय असतो. नेसफील्डच्या आणि त्यानंतर रेन व मार्टिन यांच्या पुस्तकांनीं ही पद्धति हिंदुस्थानभर पोंचविली. (हे रेनसाहेब म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरी केलेले आणि १९२४ सालीं 'बो जेस्ट' ही फ्रेंच परदेशी पलटणीवरील कादंबरी लिहून गाजलेले गृहस्थ. आज त्यांच्या कादंबरीचे वाचक आमच्याकडे विरळा. व्याकरणाला मात्र मरण नाहीं.)

आणि आमच्या परंपरेला तरी हा विचार कोठें परका आहे? पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकें लिहिणाऱ्या कात्यायनानें वाक्याचें लक्षण 'एकतिङ्' असें केलें आहे. ज्यांत तिङन्त, म्हणजे आख्यात, एकच, तें एक वाक्य. हें लक्षण त्यानें केवळ चर्चेच्या हौसेनें केलें नाहीं. संस्कृतांत 'तव' च्या जागीं 'ते' आणि 'मम' च्या जागीं 'मे' हीं आंखूड रूपें केव्हां चालतात, क्रियापदाचा स्वर केव्हां लोपतो, हें ठरविण्यास एक वाक्य कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें कळणें अवश्य होतें. महाभाष्यांत ह्याचें जें उदाहरण आहे त्याचा अर्थ असा: भात शिजव, तुझा होईल. येथें 'तव' च्या जागीं 'ते' चालत नाहीं. कारण शिजविणें एका वाक्यांत आहे आणि होणें दुसऱ्या वाक्यांत. तिङन्तें दोन, म्हणून वाक्यें दोन. मध्यें 'आणि' असो वा नसो. त्या लोकांनीं सीमा आंखली, कारण तिच्यावर कांहीं अवलंबून होतें. आमच्या शाळांतहि सीमा आंखतात, पण तिच्यावर एका गुणाखेरीज कांहींच अवलंबून नसतें, आणि म्हणून ती कोठेंहि आंखली तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं असें आंखणारांस वाटतें.

पागोट्यांचा विषय आणखी थोडा पाहूं. 'द बेल रँग; द बॉइज रॅन आउट' ह्या वाक्यांत उभयान्वयी अव्यय औषधालाहि नाहीं, केवळ एक अर्धविराम आहे. तरी तें निःसंशय संयुक्त आहे. हा आमचा बोडका पंडित. उलट 'ऑल बट गोविंद लेफ्ट' यांत 'बट' आहे, पण त्याचा अर्थ 'परंतु' नसून 'वांचून' आहे, वाक्य केवल. 'ही वर्क्स फॉर हिज फॅमिली' यांतला 'फॉर' कारण सांगणारा नव्हे, वाक्य केवल. 'आफ्टर द रेन वुई वेन्ट होम' हें केवल, आणि 'आफ्टर द रेन स्टॉप्ड वुई वेन्ट होम' हें मिश्र. शब्द तोच, स्थानहि तेंच, आणि भेद काय तो 'स्टॉप्ड' ह्या एका आख्यातानें पडला. केंब्रिजनें २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या बृहद्व्याकरणानें तर 'बिकॉज' आणि 'आफ्टर' ह्या दोघांसहि शब्दयोग्यांच्या पंक्तीला बसविलें आहे. तो वर्ग पटो वा न पटो, पण अव्ययांची यादी पाठ करून वाक्याचा प्रकार ठरविण्याचा धंदा किती ठिसूळ पायावर उभा आहे, हें तरी त्यावरून दिसतें.

सगळींच वाक्यें इतकीं सरळ असतात असा आमचा दावा नाहीं. एक जागा खरोखरीच वादाची आहे, आणि ती झांकून ठेवणें हा गाइडांचा दुसरा अपराध होय. 'गोपाळ केम इन अँड सॅट डाउन' ह्या वाक्यांत आख्यातें दोन आहेत, पण कर्ता एकदांच आला आहे. अमेरिकेंतील शाळांत ह्याला केवल वाक्यच म्हणतात; कर्ता एक, विधेय जोड. आमच्याकडील रूढ पुस्तकांत एका कर्त्याचीं दोन आख्यातें जोडलेलीं वाक्यें संयुक्तांत धरतात. दुसऱ्या भागांतला कर्ता अध्याहृत आहे असें मानतात. यांत एक पक्ष खरा नि दुसरा खोटा असें नाहीं. अमेरिकनाला स्वल्पविराम कोठें द्यावा हें शिकवावयाचें असतें; कर्ता पुन्हां आला तर 'अँड' पूर्वीं स्वल्पविराम द्यावा, न आला तर देऊं नये, एवढ्यासाठीं त्याला ती विभागणी सोयीची पडते. आमच्याकडे एका प्रकारचें वाक्य दुसऱ्या प्रकारांत बदलण्याचा अभ्यास देतात, त्याला दुसरी विभागणी सोयीची पडते. दोन्ही संकेत आहेत, आणि संकेत हा संकेत म्हणून सांगितला तर आठवींतल्या मुलालाहि समजतो. पण तो वेदवाक्य म्हणून सांगितला, आणि मुलानें घरीं संगणकावर एखादें अमेरिकन पान उघडलें, म्हणजे त्याचा गुरुजींवरचा तरी विश्वास उडतो, नाहीं तर स्वतःच्या बुद्धीवरचा.

आणखी एक चमत्कारिक जात आहे. 'वर्क हार्ड अँड यू विल पास' हें रूपानें संयुक्त, पण अर्थ पाहावा तर 'अभ्यास केलास तर पास होशील' असा सांकेतिक! भाष्यांतल्या त्या भाताचीच ही इंग्रजी पाककृति. अशीं वाक्यें मुलांपुढें ठेवून रूप आणि अर्थ कसे फारकत घेतात हें दाखविण्यांत खरी मौज आहे. पण गाइडाच्या पानांत मौजेला जागा नसते.

आतां आमच्या मुलांच्या दृष्टीनें जें सर्वांत महत्त्वाचें आहे त्याकडे वळतों. 'तो घरीं जाऊन, हातपाय धुऊन, जेवून झोंपला.' ह्या मराठी वाक्यांत क्रिया चार, पण आख्यात 'झोंपला' हें एकच. 'जाऊन', 'धुऊन', 'जेवून' हीं धातुसाधितें. वाक्य केवल. मोरो केशव दामले यांनीं १९११ सालीं जें शास्त्रीय मराठी व्याकरण लिहिलें तें नुसतें चाळलें, तरी ह्या धातुसाधितांचा पसारा आपल्या भाषेंत केवढा आहे हें दिसून येईल. पण हीच गोष्ट इंग्रज माणूस सहज बोलतांना 'ही वेन्ट होम, वॉश्ड, एट अँड स्लेप्ट' अशी चार आख्यातांत सांगेल. तसेंच 'घंटा होतांच मुलें धांवलीं' हें आमचें केवल वाक्य इंग्रजींत बहुधा 'व्हेन द बेल रँग' असें मिश्र होऊन बसतें. म्हणजे एकच अर्थ एका भाषेंतून दुसरींत जातांना वाक्याची जात बदलतो. मराठी मुलाच्या इंग्रजींतल्या कितीतरी चुका ह्या एकाच उंबरठ्यावर होतात. तो 'ही गोइंग होम, वॉशिंग अँड ईटिंग, स्लेप्ट' असें लिहितो, कारण त्याच्या कानांत तो 'ऊन' घुमत असतो. गुरुजी वाक्याखालीं लाल रेघ ओढतात. पण तें कां चुकलें हें सांगण्याला जें ज्ञान हवें, म्हणजे आख्यात कोणतें नि धातुसाधित कोणतें, तें मुलाला कोणी दिलेलें नसतें. त्याला 'अँड' शोधावयास शिकविलेलें असतें. 'अँड' तर त्यानें घातलाच आहे!

ह्या मुलाला 'जाऊन' आणि 'गेला' यांतला भेद जन्मतः ठाऊक आहे. 'तो घरीं जाऊन' एवढेंच बोलून कोणी थांबला तर तीन वर्षांचें पोरहि 'मग?' म्हणून विचारतें. हा 'मग?' जेथें उठत नाहीं तेथें आख्यात आहे. ही मराठींतली जाण हाताशीं असतां तिचा उपयोग न करतां आमचे लोक इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द काढूं नये असा दंडक घालतात, आणि मग मुलांच्या डोक्यांत व्याकरण शिरत नाहीं म्हणून हळहळतात.

येथें दुसऱ्या बाजूचे एक सद्गृहस्थ पुढें सरसावतील. ते म्हणतील, हें सारें पृथक्करणच निरुपयोगी आहे. भाषा ऐकून नि वाचून येते. व्याकरण पार काढून टाका. त्यांच्यापाशीं पुरावाहि आहे. अमेरिकेंत १९६३ सालीं लेखनशिक्षणाविषयींच्या संशोधनाचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत रूढ व्याकरण शिकविल्यानें मुलांचें लेखन सुधारत नाहीं, उलट लेखनाचा वेळ त्यांत खर्च झाल्यास अपायच होतो, असा निष्कर्ष काढलेला आहे. तो आम्ही नाकारीत नाहीं. पण तिकडेच २००७ सालीं ग्रॅहम आणि पेरिन यांनीं केलेल्या आढाव्यांत रूढ व्याकरणशिक्षणाचा परिणाम प्रतिकूल दिसला, तरी साधीं वाक्यें जोडून मोठीं वाक्यें बनविण्याच्या अभ्यासाचा परिणाम अनुकूल दिसला, ही गोष्ट हे गृहस्थ सांगत नाहींत. निष्फळ ठरलें तें तयार वाक्याला नांव देणें. फळाला आलें तें वाक्य घडविणें. सुताराच्या पोराला रंधा हातीं न देतां खुर्ची नि चौरंग यांच्या व्याख्या पाठ करावयास लावाव्या, आणि त्याला खुर्ची करतां येत नाहीं असें पाहून सुतारकीच बंद करावी, यांत शहाणपणा कोणता?

म्हणून आमचें मागणें व्याकरण काढून टाकण्याचें नाहीं. मागणें एवढेंच आहे, कीं 'वाक्याचा प्रकार ओळखा' हा एका शब्दाच्या उत्तराचा प्रश्न परीक्षेंतून जावा. आणि तो राहणारच असेल तर उत्तरासोबत आख्यातें अधोरेखित करावयास सांगावें व गुण त्या रेघांस द्यावे. ज्यानें रेघ बरोबर ओढली त्यानें नांव चुकविलें तरी त्याचें फारसें कांहीं गेलें नाहीं. ज्यानें नांव बरोबर लिहिलें पण रेघ 'अँड' खालीं ओढली, त्याला शून्य. ह्याला खर्च लागत नाहीं, नवीन पुस्तक लागत नाहीं, समिति नेमावी लागत नाहीं. तपासणाराला मात्र वाक्य वाचावें लागेल, आणि विरोध होईल तो येथेंच होईल, हें आम्ही जाणून आहों.

तोंवर घरीं आईबापांस करण्याजोगें एक काम आहे. जेवतांना मुलाला एक लांबलचक मराठी वाक्य द्यावें: 'पाऊस थांबल्यावर आजी छत्री घेऊन देवळांत जाऊन परत आली.' त्यांत आख्यात किती, हें विचारावें. तो 'एक' म्हणेल. मग तेंच इंग्रजींत दोन तऱ्हांनीं सांगावयास लावावें. एकदां जितकीं आख्यातें आणतां येतील तितकीं आणून, आणि एकदां शक्य तितकीं गाळून. पहिल्या तऱ्हेंत आजी चालते, थांबते, परत येते, तें डोळ्यांपुढें दिसेल. दुसऱ्या तऱ्हेंत सारें एका दमांत उरकलेलें वाटेल. यांतली आजीला कोणती शोभते, यावर मग ताट धुवावयास जाईपर्यंत खुशाल वाद घालावा.